उजव्या हाताचं पाणी

तारामतीने हुसेनसागरचा कट्टा, म्हणजे त्या तलावाच्या बांधावरचा रस्ता, निदान पाचशे वेळा ओलांडला असेल, पण हुसेनसागर मात्र तिने कधी पाहिला नव्हता. हे ऐकून कुणी म्हणेल, बाई आंधळी होती की काय! तसं मुळीच नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षीही ती सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवत असे. अडचण डोळ्यांची नव्हती, टांग्याच्या पडद्याची होती.

घराणं मूळचं परभणीकडचं, देशमुखीतलं. तिचे यजमान हिम्मतराव, त्यांचे आजोबा निजामाच्या नोकरीत शहरात आले आणि काचीगुड्यात राहिले. येताना जमीन, बैलं, विहिरी सगळं त्यांनी भावांच्या स्वाधीन केलं आणि बायकांचा गोषा तेवढा जपून बरोबर आणला. शहरात तो आणखी घट्ट झाला. तारामतीच्या सासूबाई, सुशीलाबाई, या बाबतीत कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. घरची बाई रस्त्यावर दिसता कामा नये म्हणजे नये. कुठे जायचंच झालं तर चाँदमियाँचा टांगा थेट पायरीला टेकून उभा राहायचा आणि मागच्या बैठकीला तिन्ही बाजूंनी जाड निळी चादर बांधली जायची. आत सासू आणि सून, पाठ घोड्याकडे आणि तोंड मागच्या रस्त्याकडे करून. हिम्मतराव पुढे, चाँदमियाँच्या शेजारी, मोकळ्या हवेत.

दर महिन्याच्या एका रविवारी ही वरात सिकंदराबादेला निघे. तिथे राणीगंजात सुशीलाबाईंची लेक इंदुताई दिलेली होती. कट्टा संपला की सुशीलाबाई स्वतःच्या हाताने पडदा वर करत. पलीकडे गोऱ्यांची छावणी, ओळखीपाळखीचं कुणी नाही, तिथल्या लोकांनी पाहिलं तर पाहिलं, असं त्यांचं मत. परतताना कट्टा लागायच्या आधी पडदा पुन्हा खाली, कारण कट्ट्यावर हवा खायला शहरातली सगळी बडी माणसं येत. त्यामुळे राणीगंजातली कापडाची दुकानं, मडमांच्या छत्र्या, बेकरीच्या काचेमागचे पाव हे सगळं तारामतीने डोळे भरून पाहिलं होतं. मधला दीड मैल तेवढा राहिला होता.

तसा तोही अगदीच हाती लागला नव्हता असं नाही. हिमायतनगर मागे पडलं की हवेचा वास बदलायचा. ओल्या दगडांचा, शेवाळाचा, थोडा मासळीचा. मग पडद्याची उजवी बाजू फुगायची, उजव्या गालाला गारवा लागायचा आणि उजव्या कानाला खालच्या दगडांवर पाणी आपटताना ऐकू यायचं. परतताना हेच सगळं डाव्या हाताला. एवढ्याशा सामानावर तिने मनात आपलं स्वतःचं एक तळं बांधलं होतं. दुपारी सासूचा डोळा लागला की ती फरशीवर आडवी व्हायची आणि त्या तळ्यावर जायची. लग्नाआधी ती वडिलांच्या मळ्यात विहिरीत पोहत असे, त्या विहिरीचं हिरवं पाणी तिने इथे आणून ओतलं. काठाला पायऱ्या दिल्या, पलीकडे ज्वारीचं शेत लावलं, दोन बगळे ठेवले. मुलाच्या, माधवच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा तर ती रोज तिथे पाण्यात पाय सोडून बसायची. पायांची सूज खरंच उतरायची, असं ती अजूनही सांगते.

नवऱ्याला तिने एकदाच विचारलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कोट खुंटीला लावत असताना तिने हळूच म्हटलं, "कसं आहे हो ते कट्ट्यावरचं पाणी?" हिम्मतरावांनी आधी आईच्या खोलीकडे पाहिलं, मग म्हणाले, "पाण्यासारखं पाणी. त्यात काय?" तिने पुन्हा विचारलं नाही. आईवडिलांनी नाव हिम्मतराव ठेवलं खरं, पण माणसापुढे नावाचं काय चालतं!

सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला. पुढल्या वर्षी पोलीस ॲक्शन होऊन हैदराबाद त्यात सामील झालं. मोठमोठ्यांच्या गाद्या गेल्या, दफ्तरातली उर्दू जाऊन इंग्रजी आली, पण काचीगुड्यातल्या त्या निळ्या चादरीला कुणी हात लावला नाही. त्यासाठी सुशीलाबाईंनाच जावं लागलं. छप्पनच्या माघात त्या गेल्या. त्यानंतर दुखवट्यात तारामती कुठेच गेली नव्हती, इंदुताईच इकडे येऊन जात होत्या. म्हणजे पडदा सुटला तो असा, घरातल्या घरात.

आणि त्याच वर्षी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, शहर आणि तेलंगण आंध्राकडे. नोव्हेंबरात वाटणी. सैफाबादेत हिम्मतरावांच्या महसूलच्या दफ्तरात मराठी माणसांच्या टेबलांवर कागद आले, की बाबांनो, कुठे जाणार ते लिहा. मुंबई लिहिलं तर त्यांना परभणीची कचेरी मिळणार होती. तिथे तारामतीचा भाऊ दत्तात्रय होता. त्याने पत्र मिळाल्या मिळाल्या स्टेशनजवळ एक घरही बघून ठेवलं, मागे अंगण, अंगणात लिंब.

तारामतीला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही तरी हवं म्हणून तोंडाने सांगितलं होतं, आणि एकदा नाही, चार वेळा. तिला पिशवी घेऊन स्वतः बाजारात जायचं होतं. भावाच्या मळ्यात अनवाणी फिरायचं होतं. एकोणतीस वर्षं ज्या गावाने तिला स्वतःचं तोंड दाखवलं नाही, त्या गावात म्हातारं व्हायची तिला मुळीच हौस नव्हती. हिम्मतरावांना मात्र जायचं नव्हतं. का, ते त्यांना सांगता येत नसे. कधी म्हणत इथली हवा मानवते, कधी म्हणत घराला कोण बघणार, कधी नुसतंच "बघू". तसा माणूस प्रामाणिक. बायकोला न विचारता सही करून मोकळा झाला नाही. कागद कोराच ठेवला, आणि तो सोमवारी द्यायचा होता.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी ते म्हणाले, "आज संध्याकाळी कट्ट्यावर जाऊ. एकदा बघ, मग सांग."

"बघेन की," तारामती म्हणाली. "पण लाच देऊन माझं मत फिरेल असं समजू नका."

ते कागदाची घडी करत राहिले. ती घडी त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली, तेही तिने पाहिलं.

पाचच्या सुमाराला चाँदमियाँचा टांगा आला, आणि आला तो निळी चादर बांधूनच. इतक्या वर्षांची सवय, म्हाताऱ्याच्या हातांनी आपोआपच गाठी मारल्या होत्या. हिम्मतराव ओशाळून सोडायला लागले तशी तारामती म्हणाली, "असू द्या. एवढी वर्षं थांबले, आणखी अर्ध्या तासाने काय बिघडतंय? मला मधोमध नेऊन उतरवा. तुकड्यातुकड्यानं नको बघायला."

ती मागे एकटीच बसली. एवढी मोठी बैठक आजवर कधी तिच्या वाट्याला आली नव्हती. सासूच्या अंगाचा कापराचा वास नव्हता, कोपराचा धक्का नव्हता. बरकतपुरा गेला, नारायणगुड्याचा चढ गेला, हिमायतनगर गेलं. मग ओल्या दगडांचा वास आला. चादर उजवीकडून फुगली, उजवा गाल गार झाला. तारामतीने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आपण झोपेतच आहोत आणि आता कुणी तरी उठवणार.

"बीबीसाब, कट्टा आ गया," चाँदमियाँ म्हणाला.

ती उतरली. पदर सारखा केला, वळून घोड्याच्या तोंडाच्या दिशेला उभी राहिली, आणि मग जाताना पाणी कुठे असतं हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? सरळ उजव्या हाताला वळली आणि ताठ मानेने रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याशी गेली.

खाली पाणी नव्हतं. कट्ट्याच्या पायथ्याशी भाताचे हिरवे तुकडे होते, कौलं होती, दोरीवर वाळत घातलेली धोतरं होती आणि एक म्हैस शेपटी हलवत उभी होती. तारामतीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कठडा घट्ट धरून ती वाकली. आपण यायच्या आधीच पाणी गेलं, आटलं, कुणी तरी नेलं, असं वेड्यासारखं काय काय तिच्या मनात येऊन गेलं. सासू गेली आणि जाताना तळंही घेऊन गेली, असंसुद्धा आलं.

"अहो," ती ओरडली, "पाणी कुठाय?"

हिम्मतराव आणि चाँदमियाँ दोघेही टांग्यापाशी तोंड वासून उभे. मग चाँदमियाँच्या लक्षात आलं. म्हातारा कपाळाला हात लावून हसायला लागला. "बीबीसाब, आप लोगां तो उलटे बैठते थे ना जी! पानी इधर है, तुमारे पिच्छे."

ती मागे वळली.

टांग्याच्या पलीकडे, घोड्याच्या मानेच्या वर, सगळीकडे पाणी होतं. तिने कल्पनेत बांधलं होतं त्याच्या शंभरपट. पलीकडचा काठ कुठे तरी दूर झाडांच्या रेघेत संपत होता आणि त्या रेघेवर सूर्य टेकायला आला होता. पाण्यावर सोन्याचा एक रस्ता थेट तिच्या पायापर्यंत आलेला. डावीकडे नौबत पहाड जांभळा पडला होता. उजवीकडे सिकंदराबादेच्या बाजूला पांढऱ्या शिडाच्या दोन नावा अगदी सावकाश, कुठेच जायचं नसल्यासारख्या चालल्या होत्या.

ती रस्ता ओलांडून इकडे कशी आली ते तिला कळलं नाही. एक सायकलवाला घंटा वाजवत बाजूने गेला तेही कळलं नाही. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली. पदर डोक्यावरून घसरला होता. कट्ट्यावर बरीच माणसं फिरत होती, जोडपी, पोरं, वर्तमानपत्र काखेत धरलेले म्हातारे, आणि त्यांतल्या एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. एकोणतीस वर्षं ज्यांच्यापासून तिला लपवून ठेवलं होतं ती हीच माणसं. त्यांना तिचं काहीच पडलेलं नव्हतं.

मग किती वेळ गेला कोण जाणे. बेगमपेठच्या बाजूने एक विमान आलं, पाण्यावर त्याची सावली पडली आणि गेली. रंग बदलत होते. सोनेरी होतं ते केशरी झालं, केशरी होतं ते विझत विझत गुलाबी. आपल्या त्या जुन्या तळ्याचं काय झालं म्हणून तिने मनात पाहिलं, तर ते होतं, पायऱ्या होत्या, बगळेही होते. फक्त ते आता या एवढ्या मोठ्या पाण्याच्या एका कोपऱ्यात जाऊन निवांत बसलं होतं. हिम्मतराव शेजारी येऊन उभे राहिले. एरवी तिच्याजवळ उभे राहताना ते आपसूक मागे बघत, आज त्यांनी पाहिलं नाही.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"फार सुंदर आहे हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. मनात मात्र ती घाबरली. परभणीचं ते अंगण, तो लिंब, सगळं एकदम लहान दिसायला लागलं होतं. लाच चांगलीच मोठी होती.

थोडं पुढे दिव्याच्या खांबाशी एक दगडी बाक होता, तिकडे हिम्मतरावांचे पाय आपणहून वळले. दोघं बसली न बसली तोच डोक्यावर टोपलं घेतलेला एक म्हातारा फुटाणेवाला आला. "सलाम साब," म्हणून त्याने टोपलं खाली ठेवलं. काय हवं, किती हवं, काही विचारलं नाही. टोपल्यातल्या निखाऱ्यांच्या छोट्या मडक्याखालून गरम फुटाणे काढले, कागदाचा पुडा वळला आणि हिम्मतरावांच्या हातात दिला. "लेव साब का पुडा, बगैर मिर्ची का."

मग त्याचं लक्ष तारामतीकडे गेलं आणि त्याचा चेहरा खुलला. "आज बीबीसाब कू भी लाए! बहोत अच्छा करे साब. मैं बोलता था, इत्ते बरसां से साब अकेलेच बैठते."

हिम्मतराव घाईघाईने म्हणाले, "हौ हौ, जाव अब."

पण तारामतीने विचारलंच. "कित्ते बरसां से, मियाँ?"

"टोकरा उठाया तब से, बीबीसाब. बीस-बाईस बरस होगए. साडे पाँच बजे साब की सायकल इस खंबे कू टिकती, दिये जले बाद उठते. गर्मी रहो, बारिश रहो, साब का नागा नई." एवढं कौतुकाने सांगून, दुसरा एक पुडा तिच्या हातात ठेवून तो पुढे गेला. आपण काय केलं याची त्या बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती.

पुड्याची ऊब तारामतीच्या तळहाताला लागत होती. समोर पाणी तसंच गुलाबी होतं.

"दफ्तर किती वाजता सुटतं तुमचं?" तिने शेवटी विचारलं.

"पाचला."

"आणि घरी यायचात साडेसातला."

हिम्मतराव फुटाण्यांकडे बघत राहिले.

"काम फार असतं, म्हणायचात."

तिला ते अडीच तास एकेक करून आठवायला लागले. दिवसभरात सासूची जीभ सर्वांत तिखट व्हायची ती याच वेळेला. भाजी दोनदा गरम व्हायची. माधव तापाने फणफणला होता तेव्हा त्याला मांडीवर घेऊन ती सायकलच्या घंटीची वाट बघत बसली होती ती याच वेळेला. आणि अठ्ठेचाळीस साल! ते रझाकारांचे दिवस. दिवेलागणीच्या आत गल्लीतली सगळी दारं बंद व्हायची. आज कुणाला अडवलं, कुणाला मारलं, अशा बातम्या कानावर यायच्या. ती दाराच्या फटीला डोळा लावून, देव पाण्यात घालून उभी असायची. घंटी वाजली की धावत जाऊन कडी काढायची.

"त्या अठ्ठेचाळीस सालीसुद्धा?" तिने विचारलं.

"तेव्हा तर इथे कुणीच नसायचं," हिम्मतराव म्हणाले. "एवढं पाणी आणि मी एक..." आणि मग ते थांबले. आपण कुणाला काय सांगतोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मला तुमचा राग आलाय," तारामती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द वेगळा काढून म्हणाली. "फार राग आलाय. एखादी सवत असती तर तिच्या झिंज्या धरून भांडले तरी असते. या एवढ्या पाण्याशी मी कशी भांडू?"

"चुकलं माझं."

"पाणी दाखवलं नाहीत ते एक वेळ सोडून देईन. सासूबाई होत्या, तुमची जीभ उचलत नव्हती, ते मला दिसत होतं. पण ते अडीच तास माझे होते हो. रोजचे. ते तुम्ही इथे आणून बुडवलेत."

हिम्मतरावांनी पुडा बाकावर ठेवला. बोलायची सवय नसलेला माणूस, शब्द शोधत शोधत बोलायला लागले. "घरी आलो की दारातच आई तुझी तक्रार घेऊन उभी असायची. आणि आत तू. तू काही म्हणायची नाहीस, नुसती बघायचीस. दोघींनाही द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथे मला कुणी काही विचारत नव्हतं. भ्याडपणाच होता तो. सायकल खांबाला टेकवली की रोज वाटायचं, उद्या तिला आणू. उद्या आईला सांगू. दिवे लागले की वाटायचं, आता परवा." थोडं थांबून ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, राहू. आता कुणी अडवणारं नाही. रोज आणीन तुला. याच बाकावर दोघं बसू. जेवढी वर्षं उरलीत तेवढी."

ते मनापासून बोलत होते. इतक्या वर्षांच्या संसारात खरं कुठलं आणि वेळ मारून नेणं कुठलं, एवढं तारामतीला कळत होतं. आणि ते तिला हवंही होतं. रोजची अशी संध्याकाळ, गार वारा, शेजारी हा माणूस, पाण्यावर उतरत जाणारा उजेड. तिने डोळे मिटून ती सगळी वर्षं एकदा बघून घेतली. त्यांत ती बाकाच्या एका टोकाला बसली होती. जागा त्यांची, खांब त्यांचा, फुटाणेवाला त्यांचा. ती आपली पाहुणी म्हणून येत होती आणि दिवे लागले की उठून जात होती. ते पाण्याकडे बघत होते.

तिने डोळे उघडले. कट्ट्यावरचे दिवे एकदम लागले. पार सिकंदराबादेपर्यंत ओळीने लागले आणि पाण्यातही तितकेच उतरले. फिरायला आलेली पोरं आनंदाने ओरडली. तारामतीच्या तोंडूनही "अगंबाई" निघालं, आणि मग ती स्वतःशीच थोडंसं हसली. राग होता तिथेच होता, पण सुंदर ते सुंदरच.

"परभणीत असं काही आहे का हो?" तिने विचारलं.

"असं? छे."

"नदी?"

"गावात नाही."

"निदान एखादं तळं?"

"कुठलं तळं! स्टेशन आहे, सरकीच्या गिरण्या आहेत. धूळ आहे भरपूर." हिम्मतरावांना आशा वाटू लागली असावी. त्यांचा आवाज जरा मोकळा झाला होता.

"मग तिथे दफ्तर सुटल्यावर कुठे जाल?"

हिम्मतरावांनी पाण्याकडे पाहिलं, लांबवर गेलेल्या दिव्यांकडे पाहिलं, शेजारच्या खांबाकडे पाहिलं. मग बऱ्याच वर्षांनी, पुरतं वळून, त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"घरी येईन," ते म्हणाले.

"किती वाजता?"

"पाचला सुटलो तर... सव्वापाचला."

तारामतीने हात पुढे केला. त्यांनी न विचारताच खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. तिने त्याची घडी उलगडली, मांडीवर ठेवून तळहाताने सुरकुत्या साफ केल्या आणि दिव्याच्या उजेडात धरून त्यांच्यापुढे केला.

"लिहा तर मग मुंबई," ती म्हणाली. "मी तोवर पाणी बघते."